कानाला खटकतं, बाहुलीला कळतं

बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सात.

थांबलात ना? दोन गुणिले तीन असा हिशेब काही तुम्ही मांडला नाही, तेवढा वेळच नव्हता. शाळेच्या ओसरीवर मांडी घालून, पुढे-मागे डुलत, शंभर पोरांच्या आवाजात आवाज मिसळून म्हटलेली ती चाल कानात अजून बसलेली आहे. तिच्यात खडा लागला आणि तो आधी कानाला टोचला, गणिताला नंतर.

हाच पाढा कुणी मोठ्यानं म्हटला असता आणि नेमक्या त्या वेळी कुणी तुमच्या डोळ्यांवर कॅमेरा रोखून बसलं असतं, तर ‘सात’ कानावर पडल्यावर सेकंदा-दोन सेकंदांत डोळ्याची बाहुली किंचित फुललेली बहुधा दिसली असती. किंचित म्हणजे अर्ध्या मिलीमीटरहूनही कमी. तुम्हाला पत्ता नाही, समोरच्याला पत्ता नाही. पण मोजपट्टीला आहे. आवाजातली चाल कानानं शिकली की नाही, हे तोंडानं न विचारता डोळ्याला विचारायचं, असा हा उद्योग. शास्त्रज्ञ तो गेली कित्येक वर्षं मन लावून करताहेत. आपल्या धाराशिवातून पाहिलं तर त्यातल्या बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतात.

आधी बाहुलीची ओळख

बुबुळ म्हणजे डोळ्यातली रंगीत चकती. बाहुली म्हणजे त्या चकतीच्या मधलं भोक. हो, चक्क भोक! कवींनी कितीही उपमा दिल्या तरी वस्तुस्थिती एवढीच. भर उन्हात हे भोक दोनेक मिलीमीटरचं होतं, अंधारात तरुण माणसाचं आठपर्यंत जातं. वय वाढलं की आवळतं. आजोबांना संध्याकाळी पेपर वाचायला जास्त उजेड लागतो त्याचं एक कारण हेही.

पण त्या भोकाला बाहुली का म्हणायचं? दुसऱ्याच्या डोळ्यात जवळून पाहा. आपलंच चिमुकलं रूप तिथं उभं असतं, बाहुलीएवढं. ही गंमत आपल्यालाच दिसली असं नाही. संस्कृतात कनीनिका, म्हणजे लहान मुलगी. हिंदीत पुतली. ग्रीकात या भोकाला मुलगी असाच शब्द होता आणि लॅटिनमध्ये ‘प्युपिला’, म्हणजे छोटी बाहुली. त्यावरूनच इंग्रजीत ‘प्युपिल’ आला. त्याच घराण्यातला दुसरा ‘प्युपिल’ म्हणजे विद्यार्थी. शिकणारा आणि डोळ्याचं भोक यांचं नाव एकच! शिकणं बाहुलीत मोजणाऱ्यांना आयतं घरचं आमंत्रणच की.

बाहुल्यांचा विषय निघालाच आहे तर तेरला जाऊन या. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपोथीत ज्याला ‘तगर’ म्हटलंय, ते हे गाव. इथं सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती थेट इटलीतल्या पाँपेई शहरात मिळालेल्या मूर्तीची बहीण शोभावी अशी. पाँपेई ७९ साली ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे बाहुल्यांच्या बाबतीत आपले परदेशाशी संबंध खूपच जुने.

जमलं तर गप्प, बिघडलं तर बोंब

आता खरा प्रयोग. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये सिजिया झाओ, मारिया चेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या कानाला हेडफोन लावले आणि बारीक बारीक सुरांची झड सुरू केली. एकेक सूर सेकंदाचा विसावा हिस्सा. एका सेकंदात वीस सूर! एवढ्या घाईत कोणता सूर कोणता हे मनातल्या मनातही म्हणता येत नाही. कधी या सुरांची ठरावीक लड तयार करून तीच पुन्हा पुन्हा फिरवायची, आणि मग अचानक लड मोडून सुरांची भेळ करायची. कधी याच्या उलट: आधी भेळ आणि तिच्यातून हळूच लड सुरू. ऐकणाऱ्यांना लडीकडे लक्ष द्या असं सांगितलेलंच नव्हतं.

२०१९ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये निकाल छापून आला. लड मोडली की बाहुली फुलते. लड जुळली की? काही नाही. बाहुली ढिम्म.

भाजीत मीठ बरोबर पडलं तर जेवणारा मान खाली घालून जेवतो. मीठ विसरलं की पहिल्या घासाला मान वर. मेंदू या बाबतीत अगदी आपल्या घरातल्या माणसांसारखाच कृतघ्न आहे, असं माझं प्रामाणिक मत झालंय.

मात्र ‘बदल झाला की सांगा’ असं बजावलं की लड जुळतानाही बाहुली हलते. आणि २०२१ मध्ये याच गटातल्या मंडळींनी आणखी एक गोष्ट दाखवली: सुरांची घडी बसलेली असली की बाहुली भेळ ऐकतानाच्या मानानं आवळलेली, निवांत राहते. म्हणजे शिकल्याच्या खुणा दोन. चाल बसली की विसावा, चाल मोडली की धक्का. दाद देत नाही म्हणून माणसाला चव कळत नाही, असं समजू नये. तो निवांत जेवतोय हीच दाद.

मेंदूतला कोतवाल

कानात गडबड झाली तर डोळ्यानं का फुलावं? त्याचं उत्तर मेंदूच्या देठात आहे. तिथं पेशींचा एक इवलासा पुंजका असतो, नाव ‘लोकस सिरुलियस’, म्हणजे सरळ मराठीत ‘निळा ठिपका’. गावात कोतवाल दवंडी पिटायचा तसं याचं काम. ‘ऐका हो ऐका, ठरल्यासारखं चाललेलं नाही!’ अशी हाळी तो नॉरॲड्रेनलिन नावाच्या रसायनानं मेंदूभर पोचवतो. ती दवंडी कवटीच्या आत. बाहेरून ऐकू यायची सोय नाही. पण हा कोतवाल ढोल बडवतो तेव्हा बाहुलीही थरारते. डोकं न उघडता मेंदूचा आतला कारभार वाकून बघायची खिडकी ती हीच.

संबळ थांबला की झोप उडते

तुळजापूरच्या बाजूला वाढलेल्या माणसाला यातलं निम्मं आधीच माहीत असतं. कुणाच्या घरी लग्नानंतर गोंधळ घातलाय. कमरेला बांधलेला संबळ घुमतोय, तुणतुणं एकाच सुरात किणकिणतंय, झांज आहे, दिवटी पेटलेली आहे. रात्री दोनच्या सुमाराला अर्धी पंगत सतरंजीवर आडवी. संबळाचा एवढा दणदणाट, आणि त्यातच एखादं पोर आजीच्या मांडीवर गाढ झोपलेलं. मग आख्यान सांगायला म्हणून मुख्य गोंधळी हात वर करतो, संबळ एकदम बंद. आणि झोपलेले चार जण खडबडून उठून बसतात!

आवाजानं जाग आली तर नवल नाही. इथं आवाज *नसल्यानं* जाग आली. उन्हाळ्यात लोडशेडिंगच्या रात्री पंख्याची घरघर थांबली की उकडायला लागायच्या आधीच डोळा उघडतो, तोच प्रकार. झोपलेलं डोकंसुद्धा ‘पुढचा ठोका आता येणार’ असं धरून बसलेलं असतं.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात आट्सर डाम्समा आणि हेडेरिक फान रेन यांनी हेच बाहुलीत मोजलं. त्यांचा लेख २०१७चा. ढोलाचा ठेका चालू ठेवायचा आणि मधूनच एखादा ठोका गाळायचा. ऐकणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे गुंतवलेलं. तरी ठोका गळला की बाहुली फुलायची. पण मजा पुढे आहे: किरकोळ जागेवरचा ठोका गाळला तर त्याचं एवढं काही नाही, ठेक्यातल्या वजनदार जागेचा गाळला तर बाहुली जास्त फुलते. म्हणजे मेंदू नुसते ठोके मोजत बसत नाही. कोणता ठोका मानाचा आणि कोणता भरतीचा, हेही त्याला कळतं. आपल्याकडे भजनी मंडळात टाळ धरायला बसलेल्या नव्या पोराला बुवा पहिल्यांदा हेच सांगतात. बाकी काही चुकव, सम चुकवू नको.

जाता जाता: तबल्याच्या पुडीकडे वरून बघा. पांढरं कातडं, मधे काळी गोल शाई. डोळाच तो! या शाईमुळे तबल्याला सूर येतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२०च्या सुमाराला शास्त्रीय भाषेत मांडलं. ढोलाला तो मान नाही, कारण त्याला बाहुली नाही.

दिवटीनं केला घोटाळा

मग तुळजापूरच्या गोंधळातच कॅमेरा लावून हा प्रयोग का करू नये? दिवटीमुळे. बाहुली मुळात उजेडाची नोकर. उजेड बदलला की सेकंदाच्या पाचव्या भागात ती हलायला लागते आणि ते हलणं मनाच्या खळबळीच्या कितीतरी पट मोठं. दिवटीची ज्योत हलली की संबळाचा सगळा हिशेब वाहून गेला. म्हणून प्रयोगशाळेत भिंतीपासून पडद्यापर्यंत सगळं करडं, उजेड एकसारखा, हनुवटी एका टेकूवर ठेवलेली आणि समोर एकच फुली, तिच्याकडे बघत बसायचं. कॅमेरा न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात सेकंदाला शेकडो चित्रं टिपतो. पापणी मिटली की तेवढा भाग गाळायचा, आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकवून सरासरी काढायची. जगातल्या एवढ्या रंगतदार विषयाचा प्रयोग इतका कंटाळवाणा असावा, हेही एक आश्चर्यच.

पाणीमहालाचा शाप

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेला पाणीमहाल १६१३ सालचा, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळतात तेव्हा पर्यटकांचे लोंढे लागतात. तिथल्या फार्सी शिलालेखाचा आशय असा सांगतात: हे बांधकाम पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल.

आता बाहुलीचं शास्त्र लावा. उजेडात बाहुली आवळते, अंधारात फुलते. म्हणजे शिलालेख खरा मानला तर मित्रांच्या बाहुल्या बारीक आणि शत्रूंच्या मोठ्या. आणि बाहुली तर आवडीच्या गोष्टीनंही फुलते, तेव्हा कौतुक शत्रूच जास्त करतोय असं दिसेल!

हा इब्राहिम गाण्याचा एवढा वेडा की त्यानं आपल्या तंबोऱ्याला नाव ठेवलं होतं, मोतीखान. ‘किताब-ए-नौरस’ हा त्याचा गीतसंग्रह. आणि धबधबा हा आवाज म्हणून पाहिला तर मोठा मजेशीर. त्यात लड नाही, ठेका नाही, नुसती भेळ. तरी दहा मिनिटं कठड्याला टेकून उभं राहिलात की कान त्याला सरावतो. मग त्या गडगडाटात मागून आलेली एकच शिट्टी चटकन वेगळी पडते.

उन्हाचा नुसता विचार करा

एप्रिलची दुपार, तुळजापूरचा घाट, डोक्यावर तळपतं ऊन, डांबर वितळलेलं. डोळ्यांपुढे आणलंत? ब्रूनो लेंग आणि उन्नी सुलुटवेट यांनी २०१४ साली नॉर्वेत दाखवलं, की नुसत्या कल्पनेतल्या उजेडानंही बाहुली आवळते आणि कल्पनेतल्या अंधारानं फुलते. ‘बाहुली आवळ’ असं हुकुमावरून करता येत नाही, पण ऊन आठवून तिला फसवता येतं.

नोबेलवाल्याचा टिकटिक खेळ

डॅनियल काहनेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच्या छत्तीस वर्षं आधी हा माणूस लोकांच्या बाहुल्या मोजत होता. १९६६ साली जॅक्सन बीटी यांच्यासोबत त्यांनी लोकांना आकडे ऐकवले आणि पाठ म्हणायला लावले. दर आकड्याला बाहुली थोडी थोडी फुलत जायची, आणि आकडे परत म्हणून टाकताना तशीच पायरी पायरीनं उतरायची. डोक्यावरची पाटी भरताना आणि रिकामी करताना मान कशी कलते, तसं.

त्यांचा सगळ्यात छळवादी खेळ असा: मेट्रोनोमच्या ठोक्यावर चार आकडे ऐकायचे आणि प्रत्येकात तीन मिळवून ठोक्यावरच परत म्हणायचे. ५२९४ ऐकलं तर ८५२७. करून बघा. काहनेमन लिहितात, या खेळात बाहुलीचं क्षेत्रफळ पन्नास टक्क्यांच्या आसपास वाढायचं. आणि माणसानं मनातल्या मनात हात टेकले की फुलणं तिथंच थांबायचं. यंत्राशी बसलेले लोक विचारायचे, ‘का हो, सोडून दिलंत?’ पलीकडचा चाट! यांना कसं कळलं?

हे सगळं खूळ निघालं एका बिछान्यातून. एकहार्ड हेस नावाचे मानसशास्त्रज्ञ एका रात्री प्राण्यांच्या फोटोंचं सुंदर पुस्तक चाळत होते. बायको म्हणाली, दिव्याचा उजेड कमी असणार, तुमच्या बाहुल्या केवढ्या मोठ्या झाल्यात! उजेड तर भरपूर होता. हेस यांचा पहिला लेख १९६०चा. बायकोच्या टोमण्याकडे गांभीर्यानं पाहिलं तर विज्ञान पुढे जातं.

बाळ काय ऐकतं?

‘बाळाचंटोपडंकुठंगेलंटोपडंकुठंठेवलं.’ आपण बोलतो ते असंच, सलग. शब्दांमध्ये मोकळी जागा फक्त कागदावर. मग तान्ह्या लेकराला ‘टोपडं’ हा एक शब्द आहे हे कसं कळावं? जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी १९९६ साली आठ महिन्यांच्या बाळांना अर्थहीन अक्षरांची सलग माळ ऐकवली, फक्त दोन मिनिटं. काही अक्षरं नेहमी एकामागोमाग यायची: ‘टो’नंतर ‘प’, ‘प’नंतर ‘डं’ असं समजा, पण ‘डं’नंतर काहीही. तेवढ्यावर बाळांनी जुळलेली अक्षरं आणि विस्कटलेली अक्षरं वेगळी ओळखली. दोन मिनिटांत! त्या वेळी बाळ किती वेळ मान वळवून ऐकतं यावरून हे ताडलं होतं. ज्याला बोलता येत नाही त्याची परीक्षा अशीच घ्यावी लागते, आणि बाहुलीचा खरा उपयोग तिथंच.

घुबडाचं बिल अमेरिकेवर

बोलता न येणाऱ्यांत घुबडही आलं. ओरेगन विद्यापीठात अविनाश बाला आणि टेरी ताकाहाशी गव्हाणी घुबडाला आवाज ऐकवत होते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत राहणारा, बदामी चेहऱ्याचा तोच पक्षी. आवाज आला की घुबडाची बाहुली फुलते. तोच आवाज त्याच दिशेनं येत राहिला की ती कंटाळते. दिशा जराशी सरकली की पुन्हा फुलते. म्हणजे घुबडाला तो फरक कळला! हे २०००च्या सुमाराचं. पुढे त्यांनी हीच युक्ती माणसांवर लावून पाहिली: उत्तर देता न येणाऱ्याची ऐकण्याची तपासणी बाहुलीवरून करता येईल का, म्हणून. बाळाच्या कानाची तपासणी घुबडाच्या डोळ्यातून निघाली, हे आपल्याकडच्या आजीबाईंना सांगायची सोय नाही. घुबडाचं नाव काढलं तरी बोटं मोडतील.

जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं नाही

२०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं, पण शेळी मात्र अजून उस्मानाबादीच. काळीभोर, काटक, देशभर नावाजलेली. तिच्या डोळ्यात एकदा नीट बघा. बाहुली गोल नाही, आडवी फट आहे, टपालपेटीच्या तोंडासारखी. मार्टिन बँक्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली जमिनीवरच्या २१४ जातींचे डोळे तपासून सांगितलं, की जी जनावरं चरतात आणि जी दुसऱ्याची शिकार होतात त्यांची बाहुली बहुतेक अशी आडवी असते. क्षितिजाच्या रेषेत सगळीकडचं दिसतं आणि डोक्यावरचं ऊन कमी शिरतं. आणि कहर म्हणजे, शेळीनं चरायला मान खाली घातली तरी डोळा खोबणीत पन्नास अंश किंवा त्याहून जास्त फिरतो आणि फट जमिनीला समांतरच राहते! शेळ्या राखणाऱ्या पोराला मात्र हे बघायची गरज पडत नाही. तो बाभळीखाली डोळे मिटून पडलेला असतो. कळपातल्या घुंगरांचा किणकिणाट बदलला की उठतो.

धोत्र्यापासून लांब

महाशिवरात्रीला पिंडीवर वाहतात त्या धोत्र्याच्या रसाचा हात डोळ्याला लागला तर बाहुली भलतीच मोठी होऊन तासन्‌तास तशीच राहू शकते. डोळे तपासताना डॉक्टर बाहुली मोठी करायला थेंब घालतात, त्यातल्या काही औषधांचे हे सख्खे भाऊबंद. हात धुवा, एवढंच.

आणि लग्नाच्या बोलणीत समोरच्याच्या बाहुल्या मोजायला जाऊ नका. बाहुली प्रेमानं फुलते, भीतीनं फुलते, सतराच्या पाढ्यानं फुलते आणि मांडवातला दिवा गेला तरी फुलते. का फुलली, ते ती सांगत नाही. खोटं पकडायचं यंत्र तर ती मुळीच नाही.

गोरोबाकाकांचं थापटणं

शेवटी पुन्हा तेर. तिथले संत गोरोबाकाका कुंभार होते, आणि मडकं पक्कं भाजलंय का हे कुंभार डोळ्यानं पाहत नाही, वाजवून ऐकतो. परंपरा सांगते, की संतांचा मेळा जमला असताना मुक्ताबाईनं विचारलं, ‘काका, यातली कच्ची मडकी कोणती, बघा बरं.’ काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकत निघाले. बाकीचे शांत बसून राहिले. नामदेवांच्या डोक्यावर पडलं तसे ते चिडले, कुरकुरले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं.

लंडनच्या प्रयोगशाळेत निकाल नेमका उलटा लागला असता. चाल मोडली आणि ज्याची बाहुली हललीच नाही, त्याला चाल बसली होती की नव्हती हे सांगता येत नाही. जो दचकला, त्याचं शिकणं पक्कं. तिथं नामदेव पहिल्या नंबरानं पास.